वाणाची भांडी

आमच्या कॉलनीतली बाग बघायला कुणी आलं की त्यांना वाटतं, आम्हा बायकांना कुणाची तरी भूक बघवली नाही म्हणून आम्ही ती केली. तसं काही नव्हतं. कॉलनीच्या नकाशात एक मोकळी जागा सोडलेली होती. तिच्यात वेड्या बाभळी, बांधकामाचा राडारोडा, फुटक्या कुंड्या आणि डुकरं. तिथे कुणीतरी पत्र्याचं शेड ठोकणार आणि ते मग कायमचंच होणार, अशी कुणकुण लागली. आम्ही घाईघाईने जागा साफ करून मेथी पेरली. मेथी एवढ्यासाठी, की ती लवकर उगवते, आणि हिरवं दिसलं की शेड ठोकायला आलेला माणूस जरा बिचकतो.

मेथी आली. तिचं करायचं काय? विकावी तर कॉलनीतले पुरुष म्हणाले, सगळ्यांच्या जागेत धंदा चालणार नाही. आपसांत वाटून घ्यावी तर जुडी कुणाची मोठी नि कुणाची लहान यावरून दोघी जणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "देऊन टाका ना. मागच्या खोल्यांत कामगार राहतात, त्यांना द्या. भांडणच नको." बाई म्हणजे कॉलनीतल्या निवृत्त शिक्षिका. सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. तर भांडण नको म्हणून सुरू झालेलं हे दान आहे.

मागच्या खोल्या म्हणजे एमआयडीसीच्या अंगाला असलेल्या पत्र्याच्या खोल्यांची रांग. लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर आणि लोडिंगला जाणारी माणसं तिथे भाड्याने राहतात. काही बिहारकडची, पुष्कळशी आपल्याच जिल्ह्यातली. दर शनिवारी सकाळी त्यांच्या बायका येऊ लागल्या. आमच्याकडे भेंडी, गवार, दोडका, वांगी, चुका, अंबाडी असं त्या-त्या दिवसाला जे निघेल ते असायचं.

फाटकाची किल्ली माझ्याकडे आली, कारण कॉलनीत भाजीचं कळणारी मी एकटी. जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीकडे आमचं गाव. तिकडे बियाण्याचे प्लॉट असतात. लग्नाआधी मी तिथे क्रॉसिंगला जायचे आणि लग्नानंतरही बरेच हंगाम गेले, पुढे बायांची मुकादम म्हणून. मिरचीची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग बोटातल्या खोलगट अंगठीत भरून त्या फुलाला लावायचा. मग देठाला खुणेचा दोरा. एक फूल चुकलं तर पोतंभर बियाण्याला बट्टा लागतो. या कामाला माझी बोटं बसली होती. नंतर नवऱ्याची बियाण्याच्या कारखान्यात नोकरी, मुलाची शाळा, म्हणून आम्ही जालन्यात आलो आणि बोटं भांडी घासायला लागली.

पहिली दोन वर्षं बागेचं मला बरं वाटलं, खोटं का बोलू. पण मग आमचा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला, कॉलनीच्या ग्रुपवर फोटो गेला. तोवर बाग हे काम होतं, आणि काम सोडता येतं. सत्कारानंतर ते पुण्य झालं. पुण्य सोडलं की लोक तोंडाकडे बघतात.

बाकीच्या बायका शनिवारी यायच्या, फोटोपुरत्या गवार तोडायच्या आणि "ताई, तुम्ही आहात म्हणून आहे हो सगळं" म्हणून चहाला निघून जायच्या. सोमवार ते शुक्रवार मी. बोअर बाईंच्या अंगणात, मोटरचं बटण त्यांच्या व्हरांड्यात, पण ते दाबायचं मी. बोअरला पाणी थोडं, मोटर मध्येच हवा धरते, म्हणून उभं राहून बघायचं मी. भाचीच्या लग्नाला गेले ती हळद लागायच्या आत परतले, कारण वांग्यावर कीड होती. आईच्या वर्षश्राद्धाला जेवून तशीच एसटीत बसले. नवरा एकदा म्हणाला, "लोकांनी म्हशी पाळल्या की असं होतं. तू तर म्हैस नसताना अडकलीस."

शनिवारी येणाऱ्यांत एक मावशी होती. वडीगोद्रीकडची. घरात पूर्वी मेंढरं होती, ती मोडली, थोरला मुलगा मिलमध्ये लोडिंगला लागला, म्हणून सगळं खटलं त्याच्यामागे आलेलं. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. पण मावशी मागायला आल्यासारखी कधी आली नाही. ती तपासणीला आल्यासारखी यायची.

"बाई, ह्यो दोडका का म्हातारा? ह्याच्यापरीस माझा नवरा कवळा व्हता."

"मावशी, घ्यायचा असेल तर घ्या."

"घेते की. नवऱ्यालाबी घेतलंच व्हतं ना."

शेपू दिली की म्हणायची, "एवढ्या शेपूनं काय व्हतंय? शेळीला घालू का पोरांला?" मी म्हणायचे, "शेळी कुठाय तुमच्याकडे?" ती म्हणायची, "तेच तर इचारून राह्यले. शेळी द्या, मंग शेपू बराबर पुरंल." रांगेतल्या बाया हसायच्या. मला शनिवारात तेवढंच आवडायचं.

यंदा आषाढात पिशव्यांवरून कुरबूर झाली. आम्ही भाजी पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत द्यायचो. त्या उडून गटारात जायच्या, गटार तुंबायचं आणि पुरुष मंडळी ग्रुपवर फोटो टाकायची. तेव्हा बाई म्हणाल्या, "आपल्या सगळ्यांच्या घरी वाणाची भांडी नुसती पडून आहेत. ती काढू या."

हे सगळ्यांना पटलं, मलाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बायका एकमेकींना वाण लुटतात. कुणी स्टीलची पातेली देतं, कुणी डबे, कुणी टोपल्या. दरवर्षी घरात ढीग येतो. वापरावं असं त्यात थोडं, टाकावं असं काहीच नाही, आणि माळ्यावर जागा संपलेली. दोन दिवसांत बाईंच्या व्हरांड्यात भांड्यांची रास पडली. काहींवर देणारीचं नाव कोरलेलं. कोपऱ्यावरच्या घरातली बाई म्हणाली, "माझ्या नणंदेनं दिलेलं हे वाकडं ताट आधी न्या, माझी वास्तू शांत होईल."

ठरलं असं, की शनिवारी भांड्यात भाजी न्यायची आणि पुढच्या शनिवारी तेच भांडं घेऊन यायचं. प्रत्येकीला एक. वाटलीही मीच. ज्या घरात तोंडं जास्त तिला मोठं भांडं. मावशीला मी बाईंचं पातेलं दिलं. त्या ढिगातलं सगळ्यात मोठं, जाड बुडाचं, कुणीतरी बाईंना निवृत्तीच्या वर्षी दिलेलं. मावशी ते वाजवून बघत म्हणाली, "ह्याच्यात तर लग्नाचं वरण व्हईल."

पुढच्या शनिवारी भांडी परत आली. आणि रिकामी आली नाहीत.

यात नवल काही नव्हतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. माझ्या आईने शेजारणीची वाटी कधी रिकामी दिली नाही. दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर, एखादी सुपारी, चार दाणे, पण काहीतरी घालायचंच. आम्ही सगळ्या याच वळणातल्या. तरी भांडी वाटताना आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. भांड्यात मूठभर ज्वारी आली, वाळलेल्या मिरच्या आल्या, गुळाचा खडा आला, दोन लिंबं आली. बिहारकडच्या एकीने सत्तूचं पीठ आणलं. बायका गहिवरल्या. बाई म्हणाल्या, "बघा, माणुसकी गरिबाकडेच आहे." एकीने फोटो काढला.

एका भांड्यात ठेचा होता. तो कुणी नेईना. "शिजवलं-वाटलेलं नको बाई, कुठलं पाणी, कुठले हात," असं म्हणत त्या भांड्याकडे बघत राहिल्या. मी तो घरी नेला आणि दोन दिवस खाल्ला. चांगला होता.

मावशीने त्या शनिवारी पातेल्यात कण्या आणल्या होत्या. बूड झाकेल एवढ्या. माझ्या हातात पातेलं देताना ती पहिल्यांदाच काही बोलली नाही. मी कण्या पिशवीत ओतल्या, पातेल्यात भेंडी आणि अंबाडी भरली आणि पुढचीला हाक मारली. त्यानंतर दोन शनिवार ती आली, मग यायची बंद झाली.

ती एकटीच नाही. रांग आखडत चालली. आधी ती फाटकापासून कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत जायची. श्रावण संपेपर्यंत फाटकाच्या सावलीत मावू लागली. भाजी उरायला लागली. उरलेली मी गाईंना टाकायचे. येणारी माणसं जरा बरी वाटायची, कपड्यांनी, बोलण्याने. एक जण तर मोटरसायकलवर येऊन डबाभर शेंगदाणे द्यायचा आणि भाजी घेऊन जायचा.

बाई म्हणाल्या, "मिलला आता ओव्हरटाइम मिळतोय म्हणे. परिस्थिती सुधारली असेल." मला ते पटलं, किंवा मी ते पटवून घेतलं, कारण पोळ्यानंतर भावाचा फोन आला होता.

"ताई, शेडनेट टाकून राह्यलो. मिरचीचा प्लॉट. तू येतीस का?"

"किती दिवस?"

"दिवस काय इचारतीस, पुरा हंगाम. अर्धं तुझं. रोपांपासून दोऱ्यापर्यंत तू बघ. मला बाया सांभाळता येत न्हाई. मी काही म्हणलं की त्या हसत्यात."

"तू म्हणतोसच तसं."

"मंग ये ना. पण जल्दी सांग. दसऱ्याच्या आत माणूस पाहिजे. न्हाई तर मेहुणीला इचारतो, तिनं बी केलंय हे काम."

त्या दिवशी कणीक मळताना माझी बोटं आपोआप चिमटा धरल्यासारखी होत होती. मला दान करायचं नव्हतं आणि बागही फुलवायची नव्हती. जे काम मला येतं ते, माझ्या नावावर, पुरा एक हंगाम करायचं होतं. नवरा म्हणाला, "जा. मी डबा लावतो. मुलगा हॉस्टेलवर आहे. तुला कोण धरून ठेवतंय?" तो सरळ विचारत होता. मी किल्लीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी किल्ली घेऊन घरोघर फिरले. एकीला बीपी. एकीच्या सासूबाई पडलेल्या. एकीच्या मुलीची दहावी. कोपऱ्यावरची म्हणाली, "ताई, मी केलं असतं, पण मला गांडुळाची भीती वाटते." बाईंना गुडघे. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखं कुणालाच जमणार नाही." हे वाक्य लोक कौतुक म्हणून बोलतात. मला ते कडी लावल्यासारखं ऐकू आलं.

मग मी उलट बाजूने विचार केला. किल्ली घेणारं कुणी नसेल, तर किल्लीच नको. घेणारी माणसं कमी झाली आहेत, भाजी गाईंना जाते आहे. हंगामापुरती बाग बंद करू. मी बाईंशी बोलले. त्याही थकल्या होत्या, बोअरचं पाणी त्यांचंच जात होतं. त्या म्हणाल्या, "गुरुवारी बैठक घेऊ. ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकडी टाकावीत असंही काहींचं म्हणणं आहे." मी भावाला कळवलं, "रविवारी येते." तो म्हणाला, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं." बॅग खाली काढली आणि पुसून ठेवली.

बंद करायचं तर नीट बंद करायचं. वाणाची भांडी खोल्यांत अडकली होती. नावं कोरलेली भांडी, उद्या कुणी म्हणायला नको की ताई गेल्या आणि भांडी गेली. बुधवारी सकाळी स्कुटीवर पोतं टाकून मी खोल्यांकडे गेले.

पहिल्याच खोलीत भांडं फळीवर पालथं ठेवलेलं होतं, घासून लखलखीत. तिथली बाई घाईने म्हणाली, "येणारच व्हते ताई, पगार न्हाई झाला." मी म्हटलं, "पगाराचा काय संबंध? भांडं द्या फक्त." तिने भांडं हातात धरलं, सोडेना. आत गेली, डबे उघडल्याचा आवाज आला, आणि भांड्यात चहाची पूड घालून बाहेर आली. एक चमचा असेल. तिच्या मागच्या डब्याचं झाकण उघडंच होतं आणि आत डब्याचा तळ दिसत होता.

दुसऱ्या खोलीत तसंच. तिसऱ्या खोलीतली दारातच म्हणाली, "आमचं भांडं फुटलं." स्टीलचं भांडं फुटत नाही, हे तिलाही माहीत होतं. तिच्या मागे ते भिंतीला टेकून उभं होतं.

मी मावशीच्या खोलीत गेले. मावशी दारात बसून शेंगा सोलत होती. मुगाच्या, आणि त्याही वाळलेल्या, बारीक, किडक्या. पलीकडच्या शेतातला मूग निघाला होता, आणि पीक काढून नेल्यावर रानात उरलेल्या शेंगा ती वेचून आणत होती. सरवा वेचणं म्हणतात त्याला. तिच्या बाजूला बाईंचं पातेलं होतं. तळाशी मूग होते, जेमतेम एक बोट उंचीचे.

"या. बसा," ती म्हणाली. "पातेलं न्यायला आलात व्हय? थांबा अजून. भरलं न्हाई."

"मावशी, ते भरून कशाला पाहिजे?"

"मंग? त्या दिवशी कण्या आणल्या तवा बुडालाबी पुरल्या न्हाईत. एवढं थोरलं पातेलं, आन् त्याच्यात एवढंसं. सगळ्या बाया बघून राह्यल्या व्हत्या."

"कुणी बघत नव्हतं."

"म्या तर बघत व्हते." तिने शेंग मोडली. "तुम्ही बारकं दिलं असतं तर बरं झालं असतं बाई. वाटी दिली असती तर म्या रोज आले असते."

मी विचारलं, "आणि या बाकीच्या?"

"त्यांचंबी तेच. हातात काही असंल तवा येत्यात, न्हाई तर न्हाई. ते फटफटीवालं येतंय ना, त्याचं काय, त्याच्या घरी पोतं हाय."

तिथेच मला सगळं कळलं. परत घालायला ज्यांच्याकडे काही होतं, तेच येत होते. बाकीचे भांडं घासून, पालथं घालून घरात बसले होते, आणि आम्ही भेंडी गाईंना टाकत होतो. मोठ्या कुटुंबाला मोठं भांडं, हा माझाच हिशेब. त्यात जास्त भाजी मावते एवढंच मी बघितलं होतं.

मी म्हटलं, "मावशी, पातेलं द्या. भांडी सगळी परत जमा करायची आहेत. पुन्हा कुणाला भांडं नाही." तिने मूग एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, तांब्यात काढून घेतले, पातेलं पदराने पुसलं आणि ते माझ्या हातात देताना तोंड दुसरीकडे केलं. मी भांडी पोत्यात भरली आणि निघाले. स्कुटीवर सगळा रस्ता ती खणखणत होती.

बंद करायचं कारण आता राहिलं नव्हतं. पण ते मला एकटीलाच माहीत होतं. मी काही बोलले नाही तर गुरुवारी बाग बंद होणार होती, रविवारी मी शेडनेटमध्ये असणार होते, आणि कुणाचं काही बिघडलंय असं कुणालाच वाटणार नव्हतं. खोल्यांतल्या बायकाही तक्रार घेऊन येणार नव्हत्या. मी घरी आले, भांडी धुतली, नावांप्रमाणे लावली आणि ठरवलं, बोलायचं नाही.

गुरुवारी बाईंच्या व्हरांड्यात बैठक बसली. मी आणलेली भांडी भिंतीपाशी ओळीने मांडली होती. पोहे होते. बाईंनी सुरुवात केली, "गरज संपली हीच आपल्या कामाची पावती आहे." माना हलल्या. एकीने बाकड्यांच्या रंगाचा विषय काढला. कोपऱ्यावरची म्हणाली, "हिरवी नको, डाग दिसत नाहीत म्हणून कावळे बसतात." त्यावर हसणं झालं. सगळं सरळ चाललं होतं. मला फक्त गप्प बसून पोहे संपवायचे होते.

प्लॉटवर मुकादम असताना मला एक सवय लागली. चुकीचं लागलेलं फूल दिसलं की ते खुडायचं, मग ते कुणीही लावलेलं असो. न खुडता पुढे गेलं की झोप येत नाही. यात मनाच्या मोठेपणाचं काही नाही. हात जातोच.

"गरज संपलेली नाही," मी म्हटलं. "आपण त्यांना भांडी दिली म्हणून ते यायचे थांबलेत."

मग मी सगळं सांगितलं. चहाची पूड, फुटलेलं स्टीलचं भांडं, पातेल्यातले मूग. बाईंनी आपल्या पातेल्याकडे बघितलं. ते ओळीत सगळ्यात पुढे होतं.

"अगं बाई," कोपऱ्यावरची म्हणाली. "आणि मी घरी आलेली ज्वारी चाळून खाल्ली हो."

"मग आता?" एकीने विचारलं.

"आता काही नाही. जिची तिची पिशवी, नाही तर पदर. पिशवीत परत काही घालावं लागत नाही."

"ते बरोबर," बाई म्हणाल्या. "पण मग बंद कसं करता येईल?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी मुद्दाम बघितलं नाही. जिकडे किल्ली, तिकडे डोळे गेले.

मी म्हटलं, "मी रविवारी गावी जाते आहे. शनिवारी किल्ली बाईंकडे देईन. पुढचं तुम्ही ठरवा." सगळ्या हो म्हणाल्या. इतक्या लगेच म्हणाल्या, की कुणीही काही करणार नाही हे मला कळलं. पण मी जाणार होते. मनाने मी शुक्रवारीच एसटीत बसले होते.

शुक्रवारी मी खोल्यांकडे निरोप दिला. शनिवारी रांग पुन्हा डीपीपर्यंत गेली. बायका कापडी पिशव्या, ओढण्या, टॉवेल, सिमेंटच्या गोणीच्या शिवलेल्या पिशव्या घेऊन आल्या. भाजी पुरेना. वांगी मी दोन-दोनवर आणली. चहाच्या पुडीवाली आली. स्टीलचं भांडं फोडणारीही आली आणि माझ्याकडे न बघता पालक घेऊन गेली.

मावशी शेवटी आली. तिच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात तो जर्मनचा तांब्या. तांब्या तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवला. काठोकाठ मूग.

"हे काय?"

"तुमचं. पातेल्यातलं."

"मावशी, पातेलं मी परत नेलं ना. झालं ते."

"पातेलं नेलंत. भेंडी तर खाल्लीच ना आम्ही?" तिने पिशवी पुढे केली. "टाका काय टाकायचं ते. आन् दोडका म्हातारा नको."

मी पिशवीत उरलेलं सगळं घातलं. मूग कशात ओतून घ्यावेत म्हणून इकडे-तिकडे बघितलं, तर ती चालूही लागली होती. मी ओरडले, "मावशी, तांब्या!"

"ऱ्हाऊ द्या," ती मागे न बघता म्हणाली. "पुढल्या शनवारी नेते."

मी किल्ली बाईंकडे न देताच घरी आले. देणार होते. आधी मूग डब्यात काढू, तांब्या घासू, मग दोन्ही एकदम नेऊन देऊ असा विचार केला. मूग निवडले. खडे फारसे नव्हते, तिने आधीच निवडले होते. तांब्या घासला. मग तो ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. बॅग भरलेली दारात होती.

नवरा म्हणाला, "काय झालं?"

"तांब्या परत द्यायचाय. शनिवारी."

"एक तांब्या तर आहे. मी नेऊन देईन की."

"काय घालून?"

तो म्हणाला, "साखर?"

"आणि त्याच्या पुढच्या शनिवारी ती त्यात जे घालून आणेल, त्याचं कोण बघेल? बाई त्यात फुलं लावतील आणि फोटो काढतील."

संध्याकाळी मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पक्कं म्हणली व्हतीस."

"म्हणले होते. मेहुणीला विचार."

"तुझ्यावानी बोट तिचं चालत न्हाई."

"शिकेल. तू हसू नकोस म्हणजे झालं."

दिवाळीत मी गावी गेले, भाऊबीजेला. शेडनेट उभं राहिलं होतं. आत बाया बसून कळ्या काढत होत्या, आणि भावाची मेहुणी त्यांच्यामागून फिरत होती. चांगलं करत होती, जरा हळू. मी एकीचा चिमटा मागून घेतला आणि एक कळी उघडली. बोटं अजून तशीच आहेत. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग मेहुणी म्हणाली, "ताई, तुम्ही बसाच की थोडा वेळ." मी बसले. ओळ संपेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शेवटची एसटी चुकवून चालणार नव्हतं.

भाऊ रस्त्यापर्यंत सोडायला आला. मावशीने गेल्या शनिवारी पुन्हा भरून आणलेला तो जर्मनचा तांब्या मी बॅगेतून काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, "यात मावेल असं काहीतरी दे. रिकामा नेता येत नाही."